चौथ्या भागातला गोल

"बघायची नाय म्हंजे नाय!"

गोटीरामांनी बाकावर थाप मारली आणि बाकावरचे चारही चहाचे ग्लास दचकले. "मोऱ्याच्या टीमवर पिक्चर काढा, सिरीज काढा, नायतर पोवाडा गा! उलव्याचा एक डोला त्याच्यावर पडनार नाय!"

नेमकं त्याच वेळी उतरणीला लागलेलं एक विमान डोक्यावरून गेलं, म्हणून ही घोषणा त्यांना पुन्हा करावी लागली. दुसऱ्या खेपेला ती आणखी कडक झाली.

"आनि जो बघंल, त्याने टीमच्या जर्शा धुवायच्या! अख्खा हंगाम! हाताने! मशीन नाय!"

ठराव एकमताने मंजूर झाला. इतक्या झटपट, की अध्यक्ष असलेल्या गोटीरामांना थोडं चुकल्याचुकल्यासारखंच वाटलं. जय गावदेवी फुटबॉल संघाच्या इतिहासात चहात आलं घालायचं की वेलची, यावरसुद्धा कधी एकमत झालं नव्हतं.

मोरा म्हणजे काही लांब नव्हे. उरणच्या टोकाला, जिथून मुंबईची लाँच सुटते, ते बंदर. तिथल्या फुटबॉल क्लबवर मुंबईच्या कुणा बाईंनी सहा भागांचा माहितीपट काढला होता. नाव 'ओहोटीचे राजे'. बाई आठ महिने मोऱ्यात राहिल्या, बांगडा साफ करायला शिकल्या, आणि ज्या टीमला उलव्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या 'चिखलातले खेकडे' म्हणत आली, तिला त्यांनी राजे करून टाकलं. तेही ड्रोनमधून!

गोटीरामांचा राग मात्र आजचा नव्हता. चौऱ्याऐंशी सालचा होता.

मोऱ्याचं मैदान म्हणजे किनाराच. ओहोटी लागली की पाणी मागे सरकायचं, आणि ओली, आरशासारखी जमीन उघडी पडायची. तिच्यावर दोन-दोन बांबू रोवले की मैदान तयार! सामना घड्याळावर ठरत नसे, तिथीवर ठरत असे. अष्टमीच्या आसपास ठेवला, तर पाणी सुस्त असतं, जेवून उठलेल्या माणसासारखं येतं. पौर्णिमेला उधाण. हे सगळ्या खाडीला ठाऊक. पण त्या वर्षी उलव्याच्या टीमला ट्रक पौर्णिमेलाच मोकळा मिळत होता, म्हणून त्यांनी सामना पौर्णिमेचा मागून घेतला.

शेवटचं मिनिट, शून्य-शून्य. गोटीराम तेव्हा पंचवीस वर्षांचे. अंगात वारं, पायात बूट नाहीत. त्यांनी मारलेला बॉल गोलकीपरला चकवून गेला आणि रेषेच्या दीड हात अलीकडे एका डबक्यात जाऊन बसला. बसला तो बसलाच! गोलकीपर उताणा, गोटीराम गुडघाभर चिखलात. कुणालाच हलता येईना. आणि तेवढ्यात भरती आली. पहिली पातळ लाट आली, तिने बॉल अलगद उचलला, आणि मांडवात करवलीने नवरीला आणावं तसा हळूहळू, अगदी हळूहळू, रेषेपलीकडे नेला. त्याच क्षणी रेफरीची शिट्टी वाजली. ती गोलची, की सामना थांबवल्याची, हे कुणालाच कधी कळलं नाही. कारण रेफरी शिट्टी दातांत धरून गावाच्या दिशेने धावत सुटला होता. त्याला पोहता येत नव्हतं.

उलवे म्हणे, गोल. मोरा म्हणे, पाणी.

हा सामना स्पर्धेच्या पहिल्या फेरीचा होता. पण गोटीरामांच्या तोंडी तो वर्षागणिक पुढे सरकत गेला. पंचाण्णवच्या सुमारास तो उपांत्य फेरीत पोचला आणि गेली पंधरा वर्षं तर तो फायनल म्हणूनच ओळखला जात होता.

त्या गोलकीपरचं नाव गंगाराम. नऊ वर्षांपूर्वी गोटीरामांच्या मुलाने, कुंदनने, पनवेलच्या कॉलेजात नेमकी याच गंगारामांची मुलगी पसंत केली. भाविका. बैठकीत ना देण्याघेण्याचा वाद झाला, ना मानपानाचा. दोन्ही बाजूंनी अट एकच घातली: दोन्ही घरांत 'त्या' गोलचा विषय कुणी काढायचा नाही. तेव्हापासून दोघे व्याही सणासुदीला भेटत आणि हवापाण्यावर बोलत. पाण्यावर जरा कमीच.

तर ठराव झाला, आणि दुसऱ्याच संध्याकाळपासून बाकावर त्या सिरीजवर चर्चा सुरू झाली. न बघितलेल्या गोष्टीबद्दल माणूस किती मोकळेपणाने बोलू शकतो!

"फालतू असनार," धनाजी म्हणाला. धनाजी एकेकाळचा फुलबॅक. आता तो बसला की बाकावर फक्त दीड माणसाची जागा उरे. "निस्तं संथ. पयल्या भागात तं वीस मिन्टं जालीच विनतात."

"तुला रं कसं म्हाईत?"

"अंदाज, दादा! मोऱ्याची मान्सं दुसरं करनार काय?"

"छायाचित्रण मात्र उत्तम असावं," श्यामसुंदर म्हणाले. ते बँकेतून निवृत्त होऊन दादरहून इकडच्या फ्लॅटमध्ये आलेले. सोसायटीच्या नोटिशीतसुद्धा ते शैली बघत. "पहाटेच्या धुक्यातून ती होडी येते... म्हणजे, येत असली तर."

"आणि म्युझिक!" संघाचा सेक्रेटरी निशांत म्हणाला. तो कराडचा, नोकरीसाठी आलेला. पण उलव्याची बाजू घेताना तो गावच्यांपेक्षा चार पावलं पुढे असे. त्याने दोन ओळी गुणगुणल्या आणि तो ओशाळला. "असंच असतं ना, जनरली."

"दुसऱ्या भागात त्यांच्या कोचचं मांजर जातं, तिथे मला अगदी भरून..." श्यामसुंदर थांबले. त्यांनी चष्मा पुसला. "येईल, असं वाटतं. मांजर गेलंच तर."

आपल्या माणसांच्या कल्पनाशक्तीचा गोटीरामांना अभिमान वाटला.

"आनि चौथा भाग?" त्यांनी अगदी सहज विचारलं. भागांची नावं त्यांनी उरण रोडच्या पोस्टरवर वाचली होती. तेवढं बंदीत बसत नव्हतं. "जुने सामने, असं लिवलंय. त्याच्याबद्दल काय अंदाज?"

धनाजी ग्लासात बघू लागला, निशांत मोबाइलमध्ये, श्यामसुंदर आभाळात.

"चौथ्याबद्दल काहीच अंदाज नाही, दादा," निशांत म्हणाला.

त्या रात्री गोटीरामांना काही गोड लागेना. जगाला काय दाखवलं असेल त्या बाईने? गोल की पाणी? आयुष्यात त्यांनी भात पिकवला, जमीन गेल्यावर इमारत उभी केली, दोन मुलांची लग्नं लावली. पण ही कामं खाडीकाठच्या सगळ्यांनीच केली होती. समुद्राच्या मदतीने गोल केलेला माणूस मात्र साऱ्या खाडीत एकच होता!

सोमवारी दुपारी त्यांनी कुंदनची कानात घालायची बोंडं उचलली.

"कुठं निघालात?" त्यांच्या बायकोने, मालतीबाईंनी विचारलं.

"टाकीचं पानी बघून येतो."

"उशी घेऊन?"

"टाकी खोल हाय."

गच्चीवर टाकीच्या सावलीत त्यांनी मांडी ठोकली आणि शिव्या द्यायच्या तयारीने पहिला भाग लावला. पण शिवी काही सुचेना. पडद्यावर पहाट होत होती. जाळी विणणाऱ्या बोटांवरून उजेड सरकत होता. धुक्यातून एक होडी आली, आली, आणि येतच राहिली. गोटीरामांना आपल्या मिठागराची आठवण झाली. पांढऱ्या ढिगांवर अशीच सकाळ उतरायची, आणि बाप लांबून हाक मारायचा. आता तिथे सेक्टर झाला होता, आणि हाकेच्या जागी लिफ्टमधली बाई मजला सांगत होती. वीस मिनिटं जाळीच विणली गेली. गोटीरामांना ती चारच वाटली.

मंगळवारी मांजर गेलं. गोटीरामांनी उशीत तोंड खुपसलं. बुधवारी त्यांनी मोऱ्याच्या एका गोलला चक्क टाळी वाजवली आणि मग कुणी बघितलं तर नाही ना म्हणून आजूबाजूला पाहिलं. पलीकडच्या गच्चीवरचं कबूतर तेवढं बघत होतं.

गुरुवारी दुपारी जेवणात वालाचं बिरडं होतं, वर बोंबलाचं कालवण, वर भात, आणि भातावर परत भात. चौथा भाग लागला. पडद्यावर ओहोटी सुरू होती. पाणी मागे, आणखी मागे, पार आभाळाला टेकेपर्यंत मागे. बाईंचा मऊ आवाज म्हणत होता, "मोऱ्यात वेळ पाण्याने मोजतात..." ओल्या वाळूवर एक बगळा एका पायावर उभा होता. गोटीरामांची हनुवटी हळूच छातीला टेकली.

बगळ्याने वळून पाहिलं आणि तो म्हणाला, "या, अध्यक्ष."

गोटीरामांना यात काही वावगं वाटलं नाही. डॉक्युमेंटरीत हल्ली काहीही करतात.

बगळा पुढे, गोटीराम मागे. पाण्यात एक खुर्ची होती, आणि खुर्चीत घोटाभर पाण्यात पाय सोडून गंगाराम बसले होते. डोक्याला भाविकाच्या लग्नातला गुलाबी फेटा. मागे दोन बांबू, आणि बांबूंच्या मधोमध तरंगणारा बॉल, पौर्णिमेच्या चंद्राएवढा. गंगारामांनी कॅमेऱ्याकडे बघितलं.

"चाळीस वर्सं उलटली," ते म्हणाले. "आज सांगतो. गोल होता. गोटीरामचा गोल होता. पान्याने काय केलं? पान्याने निस्ता निरोप पोचवला."

किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्यांनी डोलून मान हलवली. तो जुना रेफरी लांबून पोहत आला. इतक्या वर्षांत तो पोहायला शिकला होता! त्याने दातांतली शिट्टी नीट बाहेर काढली, पुसली, आणि वाजवली...

गोटीरामांनी डोळे उघडले, तेव्हा फोनवर सहावा भाग संपून नावं सरकत होती. डोळे मिटले कधी होते, हा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण त्यांच्या मते ते मिटलेच नव्हते. गालांवरून पाणी वाहत होतं. मागे जाऊन चौथा भाग पुन्हा बघता आला असता. पण एकदा अक्षता पडल्यावर परत अंतरपाट धरायला कोण सांगतं?

संध्याकाळी बाकावर ते उभं राहूनच बोलले.

"गंगारामने मान्य केलं! चौथ्या भागात! गोल होता म्हनाला, कॅमेऱ्यासमोर!"

धनाजीला चहाचा ठसका लागला. निशांत पांढरा पडला.

"चौथ्या?" धनाजी म्हणाला. "नक्की चौथ्याच भागात?"

"का? तुला काय म्हाईत, चौथ्यात नाय ते?"

"मना कसं म्हाईत असंल? मी कुठं बघितलीय!"

"पण दादा, तुम्हाला कसं कळलं?" निशांतने विचारलं.

गोटीरामांनी आभाळाकडे बघितलं. "मोऱ्याहून खबर हाय. आतली."

"आपण जरा कन्फर्म करून घेऊ या का?"

"कसं करनार? तू बघनार?"

"नाही, नाही!" निशांत घाईने म्हणाला.

"मग? श्यामसुंदर, तुमी बघनार?"

"मी तत्त्वाचा माणूस आहे," श्यामसुंदर क्षीण आवाजात म्हणाले.

झालं! ज्याला माहीत होतं त्याला बोलता येईना, आणि जो बोलत होता त्याला माहीत नव्हतं. शनिवारी सकाळी नाक्यावर फ्लेक्स चढला, वीस फुटी. डावीकडे गोटीराम, उजवीकडे गुलाबी फेट्यातले गंगाराम, मध्ये लाटेवर बसलेला बॉल, आणि अक्षरं: 'सत्याचा विजय! चौऱ्याऐंशीचा गोल अखेर मान्य! थोर मनाचे गोलकीपर आणि आमचे व्याही मा. गंगाराम यांचे जाहीर आभार!' खाली गॉगल घातलेले तेवीस शुभेच्छुक. त्यांतला निशांत गॉगलमधूनही घाबरलेला दिसत होता.

फ्लेक्सचा फोटो मोऱ्याला पोचायला अकरा मिनिटं लागली. बाराव्या मिनिटाला भाविकाचा फोन वाजला. ती बोलून बाहेर आली, ती पदराशी चाळा करतच.

"मामा, मी काही बोलू का?"

"बोल की, पोरी."

"त्या विषयावर."

"कुठल्या?"

"त्याच."

गोटीराम गंभीर झाले. "नाय. अट म्हंजे अट. तुझ्या बाबांना मी शब्द दिलाय."

"पण मामा, चौथ्या भागात ना..."

"भाविका! शब्द!"

भाविकाने मालतीबाईंकडे बघितलं. मालतीबाई शांतपणे कोळंबी सोलत होत्या. "बाबा उद्या येतायत," एवढं सांगून भाविका आत गेली.

रविवारी अकरा वाजता गंगाराम आले. चेहरा लाल, हातात टोपली. टोपलीत चार पापलेटं आणि एक सुरमई, कारण व्याह्याकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं, मग कामाचं कारण काहीही असो. मागोमाग धनाजी, निशांत आणि श्यामसुंदर 'सहज' येऊन हॉलमध्ये भिंतीला लागून बसले. दोन व्याह्यांपैकी कुणी कुणाला धरायचं, याची वाटणी त्यांनी जिन्यातच करून घेतली होती.

"याही," गंगारामांनी सुरुवात केली, "तो ब्यानर..."

"आधी पानी घ्या," मालतीबाई म्हणाल्या.

गंगारामांनी पाणी घेतलं. "तर तो ब्यानर..."

"च्या येतोय."

चहा आला. चहामागून सुरमई तळल्याचा वास आला, आणि त्या वासात कुणालाच आवाज चढवता येईना. पानं मांडली गेली.

"मी काय म्हनतो, त्या चौथ्या भागात..."

"भात घ्या आधी. बोलायचं ते जेवल्यावर."

गंगारामांनी तीनदा भात घेतला. प्रत्येक वेळी ते अर्धं वाक्य बोलत आणि मालतीबाई त्याच्यावर कालवण ओतत. शेवटी हात धुऊन, सुपारी तोंडात टाकून ते ताठ बसले.

"लावा," ते म्हणाले. "चौथा भाग लावा. आत्ता. सगल्यांसमोर."

"लावा!" गोटीराम म्हणाले. त्यांना कशाची भीती?

मालतीबाईंनी रिमोट उचलला. टीव्हीवर सिरीज उघडली, तर सहाही भागांखाली लाल रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली!

"कोनी बघितले हे?" गोटीरामांनी दरडावून विचारलं.

"मी," मालतीबाई म्हणाल्या. "मना काय शिक्षा करनार? जर्शा तशा पन मीच धुते."

यावर ठरावात काही तरतूद नव्हती. चौथा भाग सुरू झाला.

"आता ओहोटी," धनाजी नकळत पुटपुटला. "मग बगला येल."

बगळा आला. निशांत म्युझिकच्या अर्धा सेकंद आधी गुणगुणू लागला. श्यामसुंदरांनी रुमाल काढून मांडीवर तयार ठेवला. पण गोटीरामांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते बगळ्याकडे बघून हसले, ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं तसे, आणि त्याच्या बोलण्याची वाट बघू लागले.

बगळा काही बोलला नाही.

गोटीराम जरा पुढे सरकून बसले. बगळ्याने एक मासा टिपला आणि तो उडून गेला.

खुर्ची आली नाही. फेटा आला नाही. ओल्या वाळूवरून एक खेकडा तिरका तिरका निघाला होता, आणि बाईंचा मऊ आवाज म्हणत होता, "त्या वर्षी पहिल्या फेरीत, पलीकडच्या एका गावाशी झालेला सामना भरतीमुळे अर्धवट राहिला." खेकडा बिळात गेला. पडद्यावर मोऱ्याची करंजा गावाविरुद्धची फायनल सुरू झाली.

नऊ सेकंद. श्यामसुंदरांनी ती घरी मोजली होती.

"एका गावाशी?" गोटीराम म्हणाले.

पंखा फिरत होता.

"पलीकडच्या?"

"दादा," धनाजी जमिनीकडे बघत म्हणाला, "म्हनून तर आमी ठरावाला लगेच हात वर केले. सिरीज आली त्याच दिशी आमी बघितलेली. वाटलं, तुमी नाय बघितली तं बरं."

गोटीराम टीव्हीकडेच बघत राहिले. चाळीस वर्षं ज्यांच्याशी त्यांनी वैर धरलं, त्यांना त्या वैराचा पत्ताच नव्हता! एखाद्याने आयुष्यभर शेजाऱ्याशी अबोला धरावा, आणि शेजारी गाव सोडून गेल्याचं त्याला शेवटी कळावं, तसं त्यांचं झालं. आणि मग तो बगळा, तो चंद्राएवढा बॉल, डोलणाऱ्या होड्या, हे सगळं कुठून आलं, तेही त्यांच्या हळूहळू लक्षात आलं. बिरड्यातून!

"याही, माफ करा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "माझा डोला लागला असनार. ब्यानर उतरवतो. तुमी भांडा आता."

"भांडू?" गंगारामांचा आवाज एकदम फुटला. "मी भांडायला आलोच नाय! मी इचारायला आलो, का तुमच्याकडे वेगली कॉपी हाय काय!"

"वेगली?"

"अवो, दोन तास बोललो मी त्या बाईसमोर! नवा सदरा घालून! अख्खा गोल करून दाखवला, उताना पडून! तीन वेला! कंबर धरली, आठ दिस शेकत होतो! गावभर सांगून ठेवलं, चौथ्या भागात बघा मना. आनि चौथ्या भागात कोन? खेकडा! आजपातूर चेष्टा करतात, खेकडा म्हनून हाक मारतात मना. काल तुमचा ब्यानर बघितला, वाटलं, कुठंतरी दाखवला असंल मना. उलव्याला तरी दाखवला असंल!"

मग गोटीरामांनी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला.

"फालतू सिरीज हाय," ते म्हणाले.

"येकदम फालतू," गंगाराम म्हणाले.

"मांजराला येक अख्खा भाग!"

"आनि तुमाला आमाला नऊ सेकंद. त्यात पन आपून नाय!"

दोघे जवळ सरकले. गोटीरामांनी सुपारीचा डबा पुढे केला आणि इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "पन त्या दोन तासांत बोललात काय? गोल होता म्हनालात?"

भाविका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. धनाजीने श्वास रोखला. धनाजीने श्वास रोखला की हॉलमधली हवा कमी होते.

"नव्हता म्हनालो," गंगाराम म्हणाले. "पानी आत गेलं. बॉल पान्यासंगं गेला."

"म्हंजे गेला!"

"गेला. पन शिट्टीनंतर!"

"शिट्टी गोलची होती!"

"तो पलत होता, त्याला कसला गोल!"

नऊ वर्षांची अट मोडली होती, आणि दोन्ही म्हातारे असे खुलले होते जणू कुणी त्यांची मोकळी जमीन परत केली होती. मालतीबाईंनी भाविकाला आणखी चहा टाकायला सांगितला.

ठराव मात्र ठराव होता. पाच वाजता सगळे गच्चीवर जमले. मोठ्ठा निळा टब, त्यात चिखलाने कडक झालेल्या बावीस जर्शा, आणि भोवती चार गुन्हेगार. पाचवे गंगाराम. "पाव्हन्याला कुठं शिक्षा?" असं गोटीराम म्हणाले, पण गंगारामांनी बाह्या सरसावल्या. "मी सगले भाग दोनदा बघितलेत," ते म्हणाले. "मना सूट नको."

नळ सोडलेला होता. धुतलेल्या जर्शा दोरीवर वाऱ्याने फुगत होत्या, न दिसणारी अकरा माणसं आत शिरल्यासारख्या. लांब खाडी चकाकत होती, आणि तिच्यावरून एक विमान आवाज न करता, बोट किनाऱ्याला लागावी तसं, खाली उतरत होतं. टब भरला, ओसंडला, आणि पाण्याचा पातळ थर गच्चीच्या फरश्यांवरून पन्हाळीकडे सरकू लागला. त्याने वाटेतली गुलाबी साबणाची डबी अलगद उचलली.

गोटीरामांचा हात जर्शीवरच थांबला. गंगारामांनीही बघितलं.

"भरती," गंगाराम हळूच म्हणाले.

डबी निघाली. हळूहळू, अगदी हळूहळू. पन्हाळीच्या अलीकडे दोन फरश्यांमधली काळी रेष होती. ती कसली रेष आहे, हे कुणी कुणाला सांगायला नको होतं. गंगाराम नकळत वाकले, हात पसरून. श्यामसुंदरांनी चष्मा वर केला. निशांतने मोबाइल काढला. या वेळी पुरावा हवा होता. हातभर राहिलं. वीतभर. चार बोटं. दोन...

आणि पाणी थांबलं.

सगळ्यांनी वळून बघितलं. नळ उघडाच होता, पण त्यातून नुसती हवा फुसफुसत होती. टाकीपाशी मालतीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"रोज उशी घेऊन टाकीचं पानी बघायला येत होतात ना?" त्या म्हणाल्या. "टाकी रिकामी झाली! खाली भाविकाच्या डोक्याला शाम्पू लागलाय!"

साबणाची डबी रेषेच्या दोन बोटं अलीकडे डुलली आणि स्थिर झाली. गंगारामांनी गुडघ्यावर बसून, मान तिरकी करून, ती दोन्ही बाजूंनी नीट तपासली.

"नव्हता," ते म्हणाले.

गोटीरामांनी हातातली जर्शी पिळली, झटकली, आणि दोरीवर टाकत खाडीकडे बघितलं.

"पौर्निमेला परत या," ते म्हणाले.